मातीतली बाई

शिनोलीच्या हौशीरामाने उभी हयात एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गाड्यांखाली झोपून काढली. निवृत्त झाल्यावर त्याने भातशेतीत लक्ष घालावं, एवढीच त्याच्या बायकोची, सोनीबाईची, अपेक्षा होती. पण जुन्नरला एका प्रदर्शनात त्याने गारगोटीचं बोटभर पातं पाहिलं आणि गडी कामातून गेला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर दगड मारून ते पातं काढलं होतं आणि त्याची धार अजून शाबूत होती. "डेपोतल्या छिन्न्या वर्षात बोथट व्हायच्या," तो घरी येऊन सांगू लागला, "अन् ह्याची धार बघा राव!"

जोडीला भेटले घोडेगावचे रामनाथ मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून तेही मोकळे झालेले. दर रविवारी दोघं मास्तरांच्या स्कूटरवरून घोड नदीच्या काठाने भटकायचे. दगड सापडला की आधी एकाने निरखायचा, मग दुसऱ्याने, आणि एकेकच शब्द बोलायचा. माणसाने घडवलेला वाटला तर "हाताचा", नदीत झिजून आपोआप तसा झालेला वाटला तर "पाण्याचा". दोघांचं जुळलं तरच तो पिशवीत जायचा. पुण्याच्या जाणकारांनी त्यातली काही पाती खरी आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा हौशीरामाने गल्लीत पेढे वाटले होते.

आणि मग ती बाई सापडली.

घोडेगावच्या खालच्या अंगाला नदीची दरड कोसळली होती. तिथल्या मातीत हौशीरामाला वीतभर लांबीचा पांढुरका दगड दिसला. धुऊन पाहिला तर गोल डोकं, बारीक मान, भरलेली छाती आणि खाली रुंद कंबर. त्याच्या अंगावर काटाच आला.

"हाताचा!" तो ओरडला. "मास्तर, ही देवी हाय. लई जुनी."

मास्तरांनी दगड उलटसुलट केला. बराच वेळ तो उन्हाकडे धरून निरखत राहिले. मग म्हणाले, "पाण्याचा."

"नीट बघा की!"

"बघितलं. मला घडवल्याची एकही खूण दिसत नाही, हौशीरामभाऊ."

"पोरांना फुलदाण्या काढायला शिकवल्या तुमी. तुमाला काय कळतंय देवीतलं?"

शब्द तोंडातून निघून गेला. मास्तरांनी दगड त्याच्या हातात ठेवला, स्कूटरला किक मारली आणि त्याला शिनोलीच्या फाट्यावर सोडलं. पुढच्या रविवारी स्कूटर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

इकडे देवीचा फोटो मोबाइलवरून गावभर झाला. बायका हळदीकुंकू घेऊन दारात आल्या. भीमाशंकरला निघालेल्या गाड्या वाट वाकडी करून थांबू लागल्या. सरपंचांनी तर ग्रामपंचायतीपुढे सत्काराचा मांडव घालायचं ठरवलं. देवीला छोटंसं देऊळ बांधायचं, असंही बोलणं सुरू झालं.

सगळे खूश होते. एकटा हौशीराम सोडून. भिंग लावून तो दगड पुन्हा पुन्हा पाहायचा. लोखंडाला कानस लावली तर ओरखडा उठतो, छिन्नी बसली तर खाच पडते, हे त्याला आयुष्यभराच्या कामाने शिकवलं होतं. या बाईच्या अंगावर कुठे ओरखडा नव्हता, खाच नव्हती. मानेच्या वर तर दगड नुसता फुगून आल्यासारखा दिसत होता. पण आता बोलायचं कुणाशी? ज्याच्याशी बोलावं तो माणूस त्याने दुखावून ठेवला होता.

"देवी घरात आली अन् तुमचं तोंड उतरलं," सोनीबाई म्हणाली. "असं कुठं असतं व्हय?"

सत्काराच्या आदल्या दिवशी त्याला राहवलं नाही. एसटी धरून तो एकटाच घोडेगावला उतरला आणि चालत दरडीपाशी गेला. कुणीतरी माती नेण्यासाठी तिथे जेसीबी लावला होता. दरड आणखी आतपर्यंत कापली गेली होती. हौशीरामाने वर पाहिलं आणि तो जागीच थबकला.

कापलेल्या मातीत पांढरे दगड ओळीने लटकत होते. कुणाला डोकं होतं, कुणाला मान. एकाला दोन डोकी, एकाला नुसतंच पोट. एक तर हुबेहूब त्याच्या देवीची धाकटी बहीण शोभावी असा. त्याने तो ओढून काढला आणि दगडावर आपटून फोडला. आत चुना आणि माती. जमिनीतला चुना साकळून साकळून या बाहुल्या आपोआप वाढल्या होत्या.

वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तो तिथेच मातीत बसला आणि एकटाच हसू लागला. मग त्याने फोन लावला.

"मास्तर, पाण्याचा न्हाई अन् हाताचाबी न्हाई. मातीचा हाय. तुमी या इथं."

"आलोच," मास्तर म्हणाले.

स्कूटर खरंच आली. मास्तरांनी दरड पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. हौशीराम पुढे झाला. "त्या दिवशी मी वाईट बोललो."

"बोललात खरे," मास्तर म्हणाले. "पण खरं सांगू? हातात घेतली तेव्हा माझाही जीव हलला होता. देवीच असावी असं मलाही वाटत होतं. म्हणून तर एवढा वेळ लागला मला."

दुसऱ्या दिवशी मांडवात हौशीराम उभा राहिला, शेजारी मास्तर. त्याने टेबलावर आपली देवी ठेवली आणि शेजारी, दरडीतून आणलेल्या तिच्या सगळ्या बहिणी मांडल्या. "मंडळी, ही कुणी घडवलेली न्हाई. जिमिनीत अशीच व्हते. मी फसलो व्हतो."

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. सरपंच मात्र उठून आले, बाहुल्या हातात घेऊन बघू लागले आणि म्हणाले, "हौशीरामभाऊ, हे आमाला आधी कुणी दावलंच न्हाई. शाळंत नेऊन ठेवू का?" शाल त्यांनी आणलीच होती, ती त्यांनी दोघा दोस्तांच्या खांद्यांवर मिळून पांघरली. लोक टाळ्या वाजवत पुढे आले आणि जो तो आपल्याला आवडेल ती बाहुली उचलून पाहू लागला.

घरी आल्यावर सोनीबाईने कमरेवर हात ठेवले. "मी माहेरी समद्यांना सांगून ठिवलंय, देवी आलीया म्हून. आता?"

"मी सांगतो की त्यांना."

आणि खरोखरच त्याने एकेका नातेवाइकाला फोन लावला. पहिल्या फोनला त्याचा आवाज चाचरत होता. तिसऱ्या-चौथ्या फोनला तो दोन डोक्यांची बाहुली कशी दिसते हे रंगवून सांगू लागला. शेवटचा फोन मढ गावाला, त्याच्या थोरल्या बहिणीला, कुशाबाईला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"लई बरं झालं बाबा," ती म्हणाली. "दर्शनाला यायचं म्हून मी चार दिस गुडघं चोळीत बसलीया."