पैलवान आणि कॉलेजचा कप

आमचा पैलवान समोरच्याला आधी आडवा करायचा आणि मग स्वतःच हात देऊन उठवायचा. वर विचारायचा, "लागलं का रं?" फुटबॉलमध्ये असं कुणी करत नाही, हे वर्षभर सांगूनही त्याला पटलं नाही. आखाड्याची रीतच ती. पाडलेल्याला तसंच टाकून जायचं नसतं. तेवढ्यात चेंडू आमच्या गोलात जायचा आणि आम्ही कपाळावर हात मारून घ्यायचो.

भोसरीच्या तालमीतला गडी. पुण्याला आमच्या कॉलेजात सायकलवरून यायचा. खेळाच्या सरांनी त्याची छाती पाहिली आणि थेट बॅकला उभा केला. बूट त्याच्या पायात कधी बसले नाहीत. पन्नासच्या दशकात अनवाणी खेळणारे बरेच असायचे, त्यातलाच हा एक. त्या हिवाळ्यात कॉलेजांच्या कपाच्या सामन्यांत आम्ही जिंकतच सुटलो, आणि शप्पथ सांगतो, निम्मे सामने याच्या मांड्यांनी जिंकून दिले.

पण त्याचा जीव कपात नव्हताच. चैत्रात गावची जत्रा, आणि जत्रेतली शेवटची, सगळ्यांत मानाची कुस्ती यंदा त्याची लागली होती. वडील तालमीचे वस्ताद. पोराची ही कुस्ती बघायची म्हणून उभी हयात थांबलेले. "कप तुमचा, जत्रा माझी," असं तो आम्हाला हसत बजावायचा.

उपान्त्य सामन्यात त्याचा गुडघा पिरगळला. तालमीत 'दुखतंय' म्हणायची चोरी, त्यामुळे आम्हाला म्हणाला, "कायबी न्हाई, राव." सकाळी गुडघा नारळाएवढा. वस्तादांनी तेल लावून फडक्याने करकचून बांधला आणि पाय टेकवायचा नाही म्हणून ताकीद दिली. हे त्याने सरांना माझ्यासमोर सांगितलं. सर म्हणाले, "अरे, पळू नकोस. नुसता गोलसमोर उभा राहा. तुला बघूनच ते घाबरतील."

सरांना गुडघा दिसत होता हो! आंधळे नव्हते. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. पैलवानाची चूक एवढीच, की शिकवणारा प्रत्येक माणूस त्याला वस्तादच वाटायचा, आणि वस्तादाला कधी नाही म्हणायचं नसतं.

अंतिम सामन्यात तो उभा राहिला. पण शेवटी त्यांचा फॉरवर्ड एकटाच सुटला, तेव्हा हा नुसता उभा कसला राहतोय? आडवा गेला. चेंडू अडला, आणि गुडघ्यातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. आम्ही कप घेऊन नाचलो. त्याला टांग्यात घालून नेलं.

जत्रेला गावाने सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते कप घेऊनच आले. शेवटच्या कुस्तीला दुसरा मल्ल एकटाच आखाड्यात उभा. न लढताच चांदीचं कडं त्याला मिळालं, तेही सरांच्या हातून. वस्ताद मान खाली घालून बसले होते. भाषणाला उठताना सरांनी कप सगळ्यांना दिसावा म्हणून आखाड्याच्या मधोमध मातीत ठेवला.

पैलवान काठी टेकत आत गेला. कप उचलून त्याने सरांच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "ह्यो हितं ठिवू नका, सर. ह्या मातीला चालायचा न्हाई."

मी जवळच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. सरांनाही आलंच असणार. ते माइकवरून हसत म्हणाले, "पाहिलंत? कपाला धूळ लागलेलीसुद्धा याला सोसत नाही! याला म्हणतात कॉलेजवरचं प्रेम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पैलवान तोवर गर्दीतून बाहेर निघाला होता. वस्ताद उठले आणि त्याच्या मागून चालू लागले.