आबांची रापी

जिला सांगायचं ती गेली. ती होती तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आणि ती गेल्यावर कुणी विचारलंच नाही. त्यामुळं हे आजवर माझ्या तोंडातून निघालेलं नाही — मुलासमोर नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना मागंपुढं होईल. वाचाल तसं वाचा.

आधी सासऱ्यांचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सगळे त्यांना आबा म्हणत. पलटणीतल्या शिपायांचे बूट शिवत शिवत पलटणीमागून सिंगापूरला आले आणि पलटण परत गेली तरी हे इथंच राहिले. सेरंगून रोडला एका दुकानाच्या पडवीत पोतं टाकून बसायचे. लोक चपला वर्तमानपत्रात गुंडाळून आणत. आबा चप्पल शिवायचे आणि कागद ठेवून घ्यायचे. त्या कागदांवर इंग्रजी शिकले. शाळा त्यांनी बाहेरूनसुद्धा बघितली नव्हती.

आणि त्यांची एक खोड होती. चप्पल हातात आली की आधी उलटी करायची. तळ बघून सांगायचे — हा बंदरावरचा, हा रोज चढण चढतो, हिचा उजवा पाय दुखतो. कुली लाइनीतल्या, म्हणजे मजुरांच्या चाळीतल्या, लोकांच्या चपला यायच्या त्यांचं चामडं कुजलेलं असायचं. शिवण धरायचीच नाही. आबांना प्रश्न पडला, पाऊस नाही, पाणी नाही, मग चामडं कुजतं कशानं? गेले बघायला. शेकडो माणसांना एक नळ, आणि दारातून वाहणारं गटार. तिथून त्यांच्या डोक्यात घुसलं ते घुसलं. अर्ज लिहिले, सभा घेतल्या, आणि गोऱ्याचं राज्य होतं तरी म्युनिसिपालिटीत निवडून आले. चांभार निवडून आला, काय समजता!

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करत होतो. म्युनिसिपालिटीच्या सभेत लाइनीतल्या गटारांचा विषय निघाला त्या दिवशी मी मागं लोकांच्या बाकावर बसलो होतो. एक साहेब हसत म्हणाला, चांभारानं लोकांच्या पायाखाली बघावं, शहराचा कारभार आमच्यावर सोडावा. आबांनी सोबत आणलेली थैली उपडी केली. वीस-पंचवीस कुजक्या चपला टेबलावर. खिशातून रापी काढली — रापी म्हणजे आमची चामडं कापायची पसरट सुरी — एक तळ चिरला आणि साहेबाच्या नाकापुढं धरला. म्हणाले, "पायाखालचंच दाखवायला आलोय, साहेब. वास येतोय का?"

वर्षाच्या आत गटारं बांधली गेली. नळही आले.

त्या रापीची मूठ आबांच्या अंगठ्यानं खोलगट झाली होती. मरताना त्यांनी मुलीला दुसरं काही दिलं नाही. इंदू — माझी बायको — दर खंडेनवमीला पाट मांडायची, रापी धुऊन पुसून त्यावर ठेवायची, हळदीकुंकू वाहायची, झेंडूचं फूल वाहायची. लोक हत्यारं पुजतात, ती बापाला पुजायची. मी बाजूला उभा राहायचो. नमस्कार करायचो. मनात काय असायचं? दार लावलेलं आहे ना, एवढंच.

हो, दार. मला लाज वाटायची. सांगून टाकतो.

आबा गेल्यावर मी तो धंदा सोडला, गोदीत लागलो. फ्लॅट मिळाला चोआ चू कांगला, बाराव्या मजल्यावर. मुलगा शिकला, इंजिनियर झाला, जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसनं जातो. त्याचं लग्न पुण्याच्या मुलीशी ठरलं. मोठं घराणं. व्याह्यांनी सहज विचारलं, तुमचं पूर्वी काय होतं इथं? मी म्हटलं, चामड्याचा व्यापार. आडनावावरून आमचं कळत नाही. तेव्हा इंदू आत चहा करत होती. तिला ऐकू गेलं नाही.

ते खोटं लहान होतं असं मला वाटायचं. खोटं लहान राहतं का कधी?

सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली त्या साली इथल्या मराठी मंडळींनी ठरवलं, गणपतीत जुन्या लोकांचं प्रदर्शन मांडायचं. एक मुलगी घरी आली, बँकेत नोकरी करणारी, बोलायला गोड. तिला आबांचा एक फोटो कुठंतरी सापडला होता. इंदूनं रापी काढून दाखवली आणि म्हणाली, "लिही बाळा, माझा बाप चांभार होता. आधी ते लिही, मग बाकीचं." मुलगी म्हणाली, आजी, ही काचेच्या पेटीत ठेवू, शनिवारी न्यायला येते. इंदूचा चेहरा मी लग्नातसुद्धा तसा बघितला नव्हता.

गणपतीला व्याही येणार होते. पुण्याहून, मुद्दाम.

शनिवारी सकाळी इंदू झेंडू आणायला खाली बाजारात गेली. आदल्या दिवशी तिनं मुठीला खोबरेल लावून ठेवलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीत कचरा टाकायचं झाकण आहे, त्यामागं थेट तळमजल्यापर्यंत नळ. मी रापी वर्तमानपत्रात गुंडाळली. झाकण उघडलं. सोडली.

बारा मजले वाजत गेली.

लपवून ठेवली असती तर पुढंमागं काढून देता आली असती. पण मला ती काढून द्यायची वेळच यायला नको होती. एवढा विचार मी केला होता. घाईघाईत झालं असं नाही.

इंदू आली, शोधायला लागली. कपाट, ट्रंक, गादीखाली. मग म्हणाली, चुकून कचऱ्यात तर गेली नसेल, खाली जाऊन बघते. मी म्हटलं, आधी देव्हाऱ्यामागं बघ, मग माळ्यावर बघू. मी स्वतः स्टूल धरून उभा राहिलो. खाली कचऱ्याची गाडी येऊन गेल्याचा आवाज आला, मग म्हटलं, चल आता खाली.

ती मुलगी रिकाम्या हातानं गेली. तिला जिन्यापाशी गाठून मी सांगितलं, फोटोखाली व्यापारी लिही. तिनं तसंच छापलं — चामड्याचे व्यापारी आणि समाजसुधारक. इंदूनं ते दोनदा वाचलं. मला विचारलं, व्यापारी कुणी सांगितलं हिला? मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक. व्याही शेजारीच उभे होते. कौतुकानं फोटो बघत होते.

एवढंच असतं तर कदाचित मेलो असतो तोंड मिटून. पुढचं ऐका.

इंदूला वाटलं, आपल्याच हातून हरवली. कुठंतरी ठेवली आणि विसरलो. मुलगा म्हणाला, बाबा, आई हल्ली विसरते का? आणि मी — मी काय म्हणालो? म्हणालो, "वय झालंय तिचं." मग तो तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. मीही होतो. डॉक्टरनं वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, चित्रं ओळखायला लावली. तिनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाला, काळजीचं काही दिसत नाही. तर ही मुलाला म्हणते, "मग रापी कुठं गेली, ते विचार डॉक्टरांना."

मुलगा हसला. मी माझ्या बुटांकडं बघत बसलो.

त्यानंतर तिनं चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. गॅसपाशी — बंद केला का. दारावर — किल्ली. फ्रिजवर माझ्या गोळ्यांच्या वेळा. एकटी बाजारात जायची बंद झाली. जन्म इथला, सगळ्या सिंगापूरच्या गल्ल्या पाठ असलेली बाई, चार दुकानं पलीकडं जायला मला सोबत मागायची. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिनं पाट मांडला. रिकाम्या पाटावर हळदीकुंकू वाहिलं. म्हणाली, बापाची एक वस्तू मला सांभाळता आली नाही. मी फूल पुढं केलं. माझ्या हातानं.

दीड वर्षानं ती गेली. हृदयाचं दुखणं झालं, डोक्याचं काही नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बिछान्यावर पडल्या पडल्या माझा हात धरून म्हणाली, "अहो, खरं सांगा. मी आणखी काय काय हरवलंय? मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगत नाही ना?"

माझ्याकडं वेळ होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती जागी होती, तिला ऐकू येत होतं, आणि मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

मी म्हटलं, "नाही गं. झोप."

चिठ्ठ्या अजून आहेत. गॅसपाशी असलेली तेलकट झाली आहे, पण अक्षर वाचता येतं. खंडेनवमीला पाट मी मांडतो. नात इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, आजोबा, हे तर एम्प्टी लाह, रिकामंच. मी हो म्हणतो.

मुलगा लोकांना सांगतो, आईला शेवटी शेवटी विसर पडायला लागला होता. कुणी भेटायला आलं की सांगतो. सून मान हलवते. मी तिथंच खुर्चीत बसलेला असतो.

ती काही विसरली नव्हती. एक गोष्टसुद्धा नाही.