उंबरठ्यावर वालाच्या शेंगा

बोरिवलीच्या तलाठी कचेरीत मी वडिलांच्या वाडीचा उतारा मागायला जायचे, तेव्हा लुगड्यातली एक म्हातारी तिथे हटकून दिसे. नाव मी कधी विचारलं नाही. कुळकायदा नवा होता. ती कसत असलेलं भातशेत मालक काढून घेत होता, आणि शेतावर तिचं नाव लागल्याचा उतारा तिला मामलेदारापुढे ठेवायचा होता. कारकून तिच्या वालाच्या शेंगा ठेवून घ्यायचा आणि म्हणायचा, "कपाटाची किल्ली सापडत नाही. उद्या ये, म्हातारे." मला राग यायचा, पण मी खाली मान घालून माझी पाळी येण्याची वाट पाहायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशीही त्याने तेच सांगितलं. म्हातारीने टेबलावरून शेंगांची टोपली परत उचलली, उंबरठ्यावर फतकल मारली आणि शेंगा सोलायला लागली.

"ऊठ गं, मला जेवायला जायचंय!"

"उद्या जेव," ती मान वर न करता म्हणाली.

मी पुढे झाले. तिच्या शेजारी उंबरठ्यावर बसले आणि मूठभर शेंगा घेतल्या. आता दारातून मांजरही गेलं नसतं.

कारकुनाने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती. इतके दिवस तिथेच होती.