डोक्याखालची चुंबळ

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तो बसावा म्हणून लोकांनी माझ्यावर कमी मेहनत घेतलेली नाही. मला फिट्स यायच्या. त्यामुळे ‘बाहेरचं आहे’, ‘कुणीतरी केलंय’ हे ऐकतच मी वाढलो. अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली... मी आपला हट्टाने आजारच म्हणत राहिलो. तरी हे लिहितोय, कारण एका गोष्टीचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

साल असेल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. आमचं घर मोशीला, पण कंपनी जवळ पडावी म्हणून मी चिंचवड स्टेशनच्या मागे एका चाळीत खोली घेऊन एकटाच राहायचो. पत्र्याचं छप्पर, एकच दार, आणि खिडकी म्हणाल तर वीतभर झरोका.

कंपनीत आधी मी लेथवर होतो. मशीनसमोर फिट आली आणि सुपरवायझरने मला पॅकिंगला टाकलं. त्याचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर कँटीनमध्ये माझ्या बाकावर कुणी बसेना. फिट आली की मात्र हीऽ गर्दी — कुणी नाकाला चप्पल लावतंय, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतंय, कुणी दातांत चमचा घालतंय. एक दात त्यातच गेला. शुद्धीवर आलो की समोर नुसते पाय दिसायचे, आणि मी हललो की ते मागे सरायचे. माझ्या फिट्स बहुतेक सकाळच्या. म्हणून मी कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळभर दाराला आतून कडी घालून खोलीत बसायचं, काय व्हायचं ते तिथेच होऊ दे.

अशाच एका सकाळी शुद्धीवर आलो तर मी कुशीवर होतो. तोंडातली लाळ फरशीवर वाहून गेलेली, कपाळ पुसलेलं. आणि डोक्याखाली माझाच पंचा, पिळून गोल चुंबळ केलेला... बायका हंड्याखाली घेतात ना, तशी. डोकं तीत घट्ट बसलं होतं. कडी आतून तशीच. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मग एकदा शेजारच्या हुसेनभाईंनी मी पडल्याचा आवाज ऐकला. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हाका मारून ओ मिळेना म्हणून त्यांनी दार धक्के मारून उघडलं. मी डोळे उघडले तेव्हा ते खाटेखाली वाकून बघत होते.

“भाऊ, बाई कुठं गेली?”

“कोण बाई?”

“आता माझ्यापासून काय लपवता राव! ही चुंबळ काय तुम्ही वळली? कडी तर आतनं होती, मीच तोडली.”

खाटेखाली माझी ट्रंक सोडून काही नव्हतं.

गुरुवारी सुट्टीला मोशीला गेलो आणि आईला म्हटलं, चुंबळ कशी वळतात दाखव.

“आता हंडं वाहायला जातोस व्हय रं?” ती हसली. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, “मी न्हाई रं बाबा ती. मला तर तुझ्याजवळ यायचं बी भ्या वाटायचं.”

ते खरंच होतं. मला फिट आली की ती उंबऱ्यात उभी राहून रडायची. तिने दाखवली तशी चुंबळ मी वळून पाहिली, हातातून सोडली की सुटायची.

मला भीती नाही वाटली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ठरत आलेली लग्नं माझ्या आजारावरून मोडली होती. आणि इथे कुणीतरी न घाबरता मला हात लावत होतं. मी पंचा रोज धुवायला लागलो.

पुढे दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी रोज रात्री घ्यायची गोळी दिली आणि फिट्स थांबल्या. आईने गावात पेढे वाटले. कँटीनमध्ये कुणी कुणी शेजारी बसू लागलं. मी मात्र सकाळी साध्या उशीवर जागा व्हायचो आणि छपराकडे बघत पडून राहायचो. आजार गेल्याचं दुःख करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी केलं. आणि एक दिवस गोळ्या बंद केल्या.

फिट आली ती गुरुवारी सकाळी. आदल्या दिवसापासूनच अंगात कसकस होती, म्हणून खोली झाडून, धुतलेला पंचा खाटेवर घडी करून ठेवला होता. पाहुणं यायचं असावं तसा.

शुद्धीवर आलो तेव्हा पालथा होतो. ओठ फाटलेला, जीभ चावलेली, तोंडात रक्त. खाटेवर पंचा तसाच, घडीसुद्धा मोडली नव्हती. “अगं, ये की,” असं मी मोठ्याने म्हणालो. कुणाला, ते मलाही माहीत नाही. मग खूप रडलो.

हुसेनभाई मला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “फिट ओसरताना माणूस अर्धवट भानावर असतो. काहीबाही करतो आणि नंतर त्याला आठवत नाही. पंचा तुम्हीच वळत असाल.” मग मनसोक्त झापलं... पुन्हा आपल्या मनाने गोळी सोडलीत तर जिवाशी खेळ आहे म्हणाले.

त्यांचं मी पटवून घ्यायला बघतो. एरवी मी त्यांच्याच बाजूचा माणूस. पण माझेच हात असतील, तर मी इतकी वाट पाहिली त्याच दिवशी ते का हलले नाहीत? आणि माझे नसतील, तर ते कुणाचे हे विचारायला मला गोळी चुकवावी लागेल. त्यानंतर मी ती कधीच चुकवलेली नाही. फक्त रोज रात्री गिळताना वाटतं, आपण कुणाला तरी दाराबाहेर ठेवतोय.