उस्तादांची कॉम्प्युटरशी जुंपली

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेले आमचे मेकॅनिक उस्ताद! स्क्रू पाव फेरा फिरवला की थरथरणारं इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागायचं. गिऱ्हाइकांनी डोक्यावर बसवलं होतं अगदी!

त्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोची लायसनची टेस्ट होती. पन्नाशीत गाडी शिकली, तीही नवऱ्याकडून नाही, शहाणी ना! पण मागच्या टेस्टला गाडी उभ्या उभ्या बंद पडली आणि बाई नापास. गाडी तिची, नवी, इंजिन कॉम्प्युटरच्या ताब्यात असलेली. "हात लावाल तर याद राखा," असं नवऱ्याला बजावलेलं.

पण एसी लावला की इंजिन थरथरायचं, ते उस्तादांना सोसवेना. ती आंघोळीला गेली आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर. इंजिन चालू करून कंपनीने रंग लावून बंद केलेला हवेचा स्क्रू यांनी फिरवला. हवा वाढली, आवाज चढला, उस्ताद खुलले. आणि आवाज पुन्हा खाली! कॉम्प्युटरने आपल्या वेगळ्या वाटेने तेवढीच हवा कमी केली होती.

"माझ्याशी पंगा?" यांनी आणखी फिरवला. त्याने आणखी आवळलं. पंख्याच्या बटणावरून नवरा-बायकोचं चालतं ना, तस्सं! शेवटी कॉम्प्युटरची हवेची वाट पार मिटली, आवळायला काही उरलंच नाही, आणि इंजिन जे बोंबलायला लागलं!

बायको ओल्या केसांनी धावत आली. "अहो! काय केलंत?"

"काही नाही गं, जरा..."

"जरा? ब्रेक सोडला की मी थेट आरटीओ साहेबांच्या टेबलावर!"

उस्तादांचा चेहरा पडला. ही पुन्हा नापास झाली तर आपल्यामुळे. गुपचूप स्क्रू होता तिथे आणला. हवेच्या झडपेवरची काजळी पुसली. खरी खोड तीच होती. कॉम्प्युटरने जुनं सगळं विसरावं म्हणून बॅटरीची तार काढून परत लावली. आता इंजिन नुसतं चालू ठेवायचं, कॉम्प्युटर आपलं आपण शिकेपर्यंत.

"बसा शेजारी. हात मांडीखाली."

"अगं, मी काय शाळेत..."

"मांडीखाली!"

इंजिन चढलं, उतरलं, खोकलं. उस्तादांचं कोपर फुरफुरलं. तिने नुसतं बघितलं. मग आवाज स्थिरावला. तिने एसी लावला. इंजिनाच्या वेगाचा काटा किंचित झुकला आणि स्वतःच वर आला.

"बरा आहे की हा," उस्ताद पुटपुटले, जावयाचं कौतुक करावं तसे.

संध्याकाळी ती पास होऊन आली, तर हे शेजाऱ्याला सांगतायत, "इंजिन मीच नीट करून दिलं होतं ना!" तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पास झालेल्या बाईला एवढं परवडतं.