हळदीच्या डबीतल्या टोप्या

टेकचंद माझ्याकडे शेवटचा आला तो हार मानायला. फाटकाशी स्कूटर उभी केली आणि तिथूनच म्हणाला, "सर, तुमचंच खरं. टोपीचा काही दोष नाही. माझाच हात हलते." मी वऱ्हांड्यात पेपर वाचत होतो. तो बाजूला ठेवून मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. ज्या माणसाने वर्षानुवर्षं दर रविवारी याच एका गोष्टीवरून माझं डोकं खाल्लं, तो अशी दोन वाक्यांत माघार घेतो? मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाला, "अरे यार, सांगून त राहिलो. तुम्ही जितले. आता चहा पाजा." चहा प्यायला, धानाच्या भावावर बोलला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या जावयाचा फोन आला... सकाळी उठलेच नाहीत म्हणून. फुलचूरला त्याच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डोक्यात, सांगायला संकोच वाटतो, तोच प्रश्न घोळत होता. या माणसाने हार मानली कशी?

टेकचंद गोंदियातल्या राईस मिलांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. काटा बरोबर आहे असं मालकाने सांगितलं, हमालाने सांगितलं, तरी तो स्वतः खोलून बघितल्याशिवाय मान डोलवायचा नाही. खोटा काटा सापडला की घरचं कुणी बिघडल्यासारखा चिडायचा. मूळ गाव सौंदडकडचं, धानाची थोडी शेती अजून तिथे आहे. पिकाच्या राखणीसाठी वडिलांनी घेतलेली एक लहान बोअरची रायफल होती, ती रीतसर परवान्यासकट याच्याकडे आली. जंगलाला लागून शेत, घरात रायफल, आणि या गृहस्थाने आयुष्यात ससासुद्धा मारला नाही. कागदावर गोल काढायचा आणि नेमबाजी क्लबच्या रेंजवर त्या कागदावर नेम धरायचा. गावातले लोक विचारायचे, "भाऊ, मारत त काहीच नाही, मंग काडतुसं कायले भरून राहता?" हा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "कागद मारतो ना. कागद लय चपळ राहते."

काडतुसं भरणं हाच त्याचा खरा नाद होता. त्या रायफलीची काडतुसं बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती, म्हणून अर्ज-शिक्के सगळं करून, परवानगी घेऊन, तो वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरायचा. मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण काडतुसाच्या बुडाला मधोमध मसुराच्या दाण्याएवढी एक टोपी असते आणि सगळा खेळ तिचा असतो, हे मला त्याच्याकडून कळलं. रायफलीची सुई टोपीवर आपटते, टोपी पेटते, ती आतली दारू पेटवते, गोळी सुटते. वाजलेली टोपी काढून तिथे नवी बसवायची. पण कोणती बसवायची? त्याच्याकडे दोन प्रकारच्या होत्या. एक पांढऱ्या रंगाची, जुनी, भडकून पेटणारी. दुसरी पितळी रंगाची, नवी, मवाळ. त्याचं म्हणणं असं, की एवढ्याशा पुंगळीत पांढरी टोपी फार दांडगाई करते, दारू नीट पेटायच्या आतच गोळीला धक्का बसतो, आणि म्हणूनच दर वेळी एक तरी गोळी कळप सोडून भलतीकडे जाते. "फोडणीले एवढा जाळ कायले पायजे?" असं तो मला विचारायचा. माझं म्हणणं सरळ होतं. टोपी बिचारी निर्दोष आहे, शेवटच्या गोळीला तुझाच जीव वरखाली होतो.

या वादाचा आम्हाला दोघांनाही कधी कंटाळा आला नाही. खरं तर तो होता म्हणून आमची मैत्री होती. शेवटी मीच त्याला डिवचलं. म्हटलं, कोणती टोपी बसवली आहे हे तुला आधीपासून माहीत असतं, मग तुझा हात तसाच वागतो. तुला नकळत मारून दाखव. हे त्याला इतकं पटलं की तो चहा अर्धा टाकून उठला. दोन्ही प्रकारची काडतुसं भरून त्याने दोन सारख्या डब्यांत घातली आणि सुमनवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हवाली केली. वहिनींनी प्रत्येक काडतुसाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा जाड थर दिला, म्हणजे टोपीचा रंग दिसायला नको. मग डब्यांची अदलाबदल करून एकीच्या झाकणावर हळदीचं बोट लावलं, दुसरीच्या झाकणावर कुंकवाचं. कोणत्या डबीत काय, हे फक्त त्यांनाच ठाऊक. त्यानंतर धानाची रोवणी आली, घरची सगळी सौंदडला गेली, आणि डब्या तशाच राहिल्या.

रोवणी उरकून ते परतल्यावर आम्ही रेंजवर गेलो, मी त्याच्या मागेच दुर्बीण घेऊन बसलो होतो. कुंकवाच्या डबीतली एक गोळी नेहमीसारखी डावीकडे भटकली. हळदीच्या डबीतल्या मात्र सगळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील अशा बसल्या. तसं मी त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. त्याने कागद छातीशी धरला. "हळदीत नवी टोपी निघाली पायजे, सर. निघालीच पायजे." घरी जाऊन वहिनींना विचारतो, म्हणाला, आणि स्कूटर अशी दामटली की हेल्मेट माझ्याच हातात राहिलं. त्यानंतर तो आला तो फाटकाशी, हार मानायला.

तेरवी झाली. रायफल, उरलेली काडतुसं, टोप्या, दारू सगळं जावयाने ठाण्यात जमा केलं. तिथल्या शिपायाने वाजलेल्या पुंगळ्या मात्र परत दिल्या. "ये खाली खोखे हैं, रख लो, निशानी रहेगी." काही दिवसांनी मी हेल्मेट परत करायचं निमित्त काढून गेलो. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक गोष्ट बरी झाली. जाता जाता त्यायच्या मनासारखं झालं. हळदीच्या डबीत नवीच टोपी निघाली ना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मला तर तो म्हणाला की..." आणि मी जीभ चावली. उशीर झाला होता.

"काय म्हणाले?"

सांगावंच लागलं. वहिनी खाली पाहत म्हणाल्या, "मी विसरून गेली होती, भाऊजी. रोवणीत डोक्याचं भुसकट झालं. ते रेंजवरून आले, दोन्ही डब्या पुढं ठेवल्या, अन् पोरासारखे विचारून राहिले, सांग, हळदीत कोणती? मले काही आठवेना. त्यायच्या तोंडाकडं पाहिलं अन् सांगून देल्लं, नवी." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "एवढे खुश झाले! मी शेवयाची खीर केली. दोनदा मागून खाल्ली."

फडताळात, त्याच्या छोट्या तराजूशेजारी, दोन्ही डब्या होत्या. झाकणावरचं बोट अजून पुसलं गेलं नव्हतं. वहिनींनीच हळदीची डबी काढून पलंगावर उपडी केली. सगळ्या पुंगळ्यांची बुडं लाल. फक्त एकीचं नेलपॉलिश नखाने खरवडलेलं होतं, आणि खालची टोपी पांढरी होती.

"पांढरी म्हणजे जुनी ना?" वहिनींनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. म्हणजे एका रुपयाखाली बसलेल्या गोळ्या जुन्या टोपीच्या होत्या, आणि ते त्याने खोलून पाहिलं होतं. काटा बरोबर आहे असं बायकोने सांगितलं म्हणून काय झालं, तो बघितल्याशिवाय कसा राहील! आणि माझ्याकडे येऊन पुरावा का दिला नाही, तेही मला तेव्हा कळलं. पुरावा द्यायचा म्हणजे वहिनींनी चुकीचं सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला, की हे मला कळलं तेव्हा तो समोर नव्हता. तरी माझी खोड जाईना. मी विचारलं, "वहिनी, त्याने हे कधी पाहिलं असेल? नंतर कधीतरी?"

त्या पुंगळी बोटांत फिरवत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"खीर खाताना त्यायच्या नखात लाल होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हे काय लागलं? त म्हणे, डबीवरचं कुंकू."

बाकीच्या पुंगळ्या वहिनींनी डबीत भरल्या, झाकण लावलं, डबी तराजूशेजारी ठेवली. ती एक मात्र आत घातली नाही. पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"काट्याच्या माणसाले खोटं बोलाले लावलं मी," म्हणाल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.