समुद्राचं सामान मिळालं सोलापुरात

मालवणचा माणूस समुद्राचं सामान आणायला सोलापूरला गेला होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? खरंच. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. मला नागपूरला नोकरी लागली होती आणि जूनमध्ये हजर व्हायचं होतं. नागपूरला सगळं मिळेल, समुद्र मिळणार नाही. जन्मभर ज्याच्या काठावर वाढलो त्याच्या पोटात काय आहे ते न बघताच जायचं, ही टोचणी काही केल्या जाईना. एका इंग्रजी मासिकात पाणबुड्याचं चित्र होतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळ्या, डोळ्यांवर मोठा काचेचा चष्मा. मी ते कापून भिंतीवर चिकटवलं होतं. दिवाळीला आलेल्या मामाने ते पाहिलं आणि फराळ खाताखाता म्हणाला, "हे तर आमच्या अण्णांच्या दुकानात टांगलंय."

मामा रेल्वेत, होटगीला. अण्णा म्हणजे सोलापूरच्या नव्या पेठेतले खेळाच्या सामानाचे व्यापारी. त्यांचं शेत होटगीजवळ, म्हणून ओळख. जानेवारी उजाडेपर्यंत मी कसाबसा धीर धरला.

तुम्हाला कधी जायचं झालं तर आता सरळ गाड्या आहेत. तेव्हा मालवणहून एसटीने कोल्हापूर, तिथून मिरज, आणि मिरजेहून कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी. ही छोटी गाडी म्हणजे एक गंमतच होती. डबा एवढासा, वेग असा की शेतातला माणूस चालत्या गाडीशी गप्पा मारायचा. एका बाईने खिडकीतून ओंजळभर ओले हरभरे दिले आणि पैसे घेतलेच नाहीत. जसजसं पूर्वेला जावं तसतशी झाडं कमी, आभाळ जास्त. ज्वारीची शेतं उन्हात हलत होती आणि मला मधेच वाटायचं, आपण पाण्याखालूनच चाललोय. डोळे मिटले की लाटा, उघडले की कणसं. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसलो, माढा मागे पडलं, आणि होटगीला पोचेस्तोवर कपडे धुळीने तांबूस झाले होते.

मामाने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढे ठेवलं. ती भाकरी पापडासारखी मोडते आणि चटणी घशाखाली उतरली की मग बोलते. "समुद्र उशाला, आणि पोहायचं सामान आमच्या दुष्काळी गावात," मामा म्हणाला. "ही उलटी गंगा बघायला तुझा बाप हवा होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. बॅटी, कॅरमबोर्ड, कातडी फुटबॉल, आणि सगळ्यांच्या वर काचेच्या कपाटात ते! चित्रातलं सगळं तिथे होतं, टाकीवर पितळी झडप, दोन जाड नळ्या, बदकाच्या पायांसारखी रबरी पावलं आणि खिळ्याला अडकवलेला चष्मा. अण्णा धिप्पाड, कपाळाला विभूती, मिशा पांढऱ्या. मुंबईचं एक जुनं दुकान मोडीत निघालं तेव्हा त्यांनी बॅटींचा गठ्ठा घेतला होता, त्यात ही पेटी आली.

"लई जनांनी मागितलं," ते म्हणाले. "सर्कशीवाला आला, नाटकवाला आला. म्या दिलं न्हाय. पान्यात उतरनाराच पायजे. तुमी उतरनार व्हय?"

"उतरणार, अण्णा. त्यासाठीच आलोय."

"मग काढतो की!" त्यांनी आत वळून बायकोला कन्नडमध्ये हाक मारली. ती स्वच्छ पंचा घेऊन आली, देव उतरवतात तसं दोघांनी ते सामान उतरवलं आणि गादीवर मांडलं. टाकीवर हळदीकुंकवाचे जुने डाग होते. मी नळी हातात घेतली.

ती हाताला चिकटली. मी बोटं सोडवली तर बोटं काळी. जरा वाकवली तर आतून मऊ गाळासारखं काहीतरी दबलं आणि नळीला भोक पडलं. रबरी पावलांचंही तेच, फुगून बेढब झाली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मिरजेपासून इथवर मी मनात किती वेळा समुद्रात उतरलो होतो!

"अण्णा, ह्याला काही लावत होता का?"

"लावत हुतो म्हंजे?" ते अभिमानाने म्हणाले. "दर दसऱ्याला! खंडेनवमीला दुकानातल्या समद्या सामानाची पूजा. बॅटींना जवसाचं तेल, फुटबॉलला तेल, आन् ह्याला घान्यावरचं करडईचं, सगळ्यात जास्ती. कोरडं पडून तडकू नये म्हनून."

इथे जुनं सामान हुडकणाऱ्या वाचकांसाठी थांबतो. लाकडाला तेल, कातड्याला तेल, पण रबराला तेल कधीही नाही. तेल रबर खातं. जुन्या दुकानात असं काही दिसलं तर आधी अंगठ्याने दाबून बघा, अंगठा काळा झाला तर नमस्कार करून निघा.

मी निघू शकलो नाही. अण्णा माझ्या काळ्या बोटांकडे बघत होते. "तेलानंच झालं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते बराच वेळ नळीवरून हात फिरवत राहिले, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बायको हळूच म्हणाली, "चष्म्याला म्या लावू दिलं न्हाय. काच धुरकट हुईल म्हनून." चष्मा काढून पाहिला. रबर कोरडं, घट्ट, काच स्वच्छ.

"टाकी तर हाय की," अण्णांनी अजून आशा सोडली नव्हती. "हवा भरायला सायकलवाले ढीगभर हायत." मी हसलो, मग तेही हसले, आणि हसताहसता त्यांनी डोळे पुसले.

"चला शेतावर," ते म्हणाले. "हुरडा खाऊ. आन् चष्मा तरी पान्यात घालून बघू."

शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जात होती. गरम हुरडा तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची, चटणीला लावून तोंडात टाकायचा. जानेवारीत सोलापूरकडे जाणार असाल तर देऊळ-बाजार नंतर, आधी हे. मी मात्र विहिरीकडे बघत होतो. मोठी चौकोनी विहीर, दगडी पायऱ्या, हिरवट निवांत पाणी. अण्णा आधी पट्टीचे पोहणारे होते, पण दुष्काळापासून त्या विहिरीत उतरले नव्हते. ती तेव्हा ठणठणीत कोरडी पडली. घरच्या सगळ्यांनी तळाचा गाळ उपसला, पाझर लागला नाही. "तळाच्या कपारीत बसून भाकर खायचो," ते म्हणाले. "वर बघितलं की आभाळ परातीएवढं. तवापासनं आत बघवत न्हाय."

मी चष्मा त्यांच्या हातात दिला. का दिला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. ते शेवटच्या पायरीवर बसले, चष्मा बांधला आणि तोंड पाण्यात घातलं. त्यांची पाठ हलेनाशी झाली तेव्हा मामा घाबरून पुढे धावला. तेवढ्यात ते वर आले, मिशांतून पाणी गळत होतं.

"कपार हाय तशीच हाय," ते म्हणाले. "आमी बसायचो ना जेवायला, तितं मासे बसल्यात! पंगतच की!"

त्यांनी चष्मा मला दिला तेव्हा मी घेतला. मला तो हवाच होता. त्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यावर आमचं भांडण झालं आणि मी हरलो. बाकीचं सामान परत कपाटात गेलं.

घरी आलो. जानेवारीचा समुद्र नितळ असतो. होडीतून वाकून, मग पोहत, मी रोज बघायचो. काठाजवळ खडक, शेवाळाची कुरणं, निळेपिवळे मासे, आणि थोडं पुढे गेलं की तळ सुटायचा व नुसता निळा अंधार. तिथे जायला त्या नळ्याच हव्या होत्या. माझा समुद्र अर्धाच बघून झाला आणि तो अर्धाच राहणार, हे मी नागपूरला नेलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी अण्णांना या म्हणून सांगितलं होतं, आणि मी नागपूरला निघण्याआधी, मे महिन्यात, ते खरंच मालवणला एसटीतून उतरले.

मी त्यांना होडीत घातलं. काठ लांब गेला. चष्मा हातात धरून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"ह्याचा तळ कोरडा पडलेला कुनी बघितला असंल का ओ?"

"नाही, अण्णा. कुणीच नाही."

"तवाच्या दुष्काळात बी न्हाय?"

"तेव्हाही नाही."

"लई बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तोंड पाण्यात घातलं.